खर्जाचे वाद्य, वादकांचा विचारविनिमय आणि इतिहासाची साधने : बेस गिटारच्या संदर्भात एक अभ्यास (१९५१ ते २००२)

प्रस्तावना :

संगीताच्या इतिहासलेखनात गायक, रचनाकार आणि आश्रयदाते यांना जे स्थान मिळाले ते साथीदार वादकांना मिळाले नाही. साथीदारांमध्येही खर्जाची बाजू सांभाळणारा वादक सर्वांत मागे उभा राहतो. सामान्य श्रोत्याला त्याचे वादन वेगळे असे ऐकू येत नाही. ते थांबले तर मात्र गाण्याच्या पायाखालची जमीन सरकल्याचे त्याला तत्काळ जाणवते. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात गेली सत्तर वर्षे हे काम प्रामुख्याने बेस गिटार या विद्युत वाद्याने केले आहे. चार तारांचे हे वाद्य दिसावयास गिटारसारखे असले तरी त्याच्या तारा गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ इतकी कमी असते.

या वाद्याच्या उत्पादनाचा आणि त्यावर वाजलेल्या गाण्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. त्या मानाने एका गोष्टीकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. हे वाद्य जन्मास आले तेव्हा त्याला गुरू नव्हता. ग्रंथ, अभ्यासक्रम, परीक्षा यांपैकी काहीही नव्हते. ते वाजवावे कसे, हे वादकांनी एकमेकांना विचारून, एकमेकांचे पाहून आणि पुष्कळदा एकमेकांची वाद्ये हाताळून ठरविले. तारा कोणत्या लावाव्यात, त्या कधी बदलाव्यात, घोडीपाशी स्पंज बसवावा की नाही, तार एका बोटाने छेडावी की दोन, अशा वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नांवर बेसवादक तासन्‌तास बोलत आले आहेत. या बोलण्यातूनच वाद्याचे स्वरूप निश्चित झाले. पुढे, कोणत्या ध्वनिमुद्रणात कोणी वाजविले याची नोंद ज्या काळात ठेवली गेली नाही त्या काळाच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन म्हणूनही हेच बोलणे उपयोगी पडले. या साधनाचे मोल किती आणि मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गुरूविना आलेले वाद्य :

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' हे वाद्य विक्रीस आणले. गिटारच्या आकाराचे विद्युत खर्जवाद्य बनविण्याचा प्रयत्न सिॲटल येथील पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकातच केला होता, परंतु त्याचा प्रसार झाला नाही. फेंडर यांच्या वाद्याने मात्र दहा वर्षांच्या आत संगीताचा व्यवहारच बदलून टाकला. त्यापूर्वी खर्जाचे काम डबल बेस हे माणसाहून उंच वाद्य करीत असे. ते वाहून नेणे कष्टाचे होते आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गजरात त्याचा आवाज पोहोचत नसे. शिवाय त्यावर पडदे नसल्याने स्वरस्थान अचूक साधण्यास वर्षानुवर्षांची साधना लागे. फेंडर यांनी सतारीप्रमाणे दांडीवर पडदे बसविले. बोट पडद्यामागे पडले की स्वर अचूक लागतो. 'प्रिसिजन' म्हणजे अचूकता हे नाव त्यावरूनच आले. विशेष म्हणजे लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. कार्यशाळेत येणाऱ्या वादकांच्या सूचना ऐकणे आणि त्याप्रमाणे वाद्यात फेरफार करणे, ही त्यांची कार्यपद्धती होती. म्हणजे निर्मितीच्या पायरीवरच वादकांचा सल्ला हा या वाद्याचा एक घटक होता.

डबल बेसची परिस्थिती याच्या नेमकी उलट होती. त्या वाद्याला युरोपात प्रतिष्ठित गुरुपरंपरा होती. फ्रान्झ सिमांड्ल (१८४०-१९१२) या व्हिएन्नातील वादक-शिक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेली पाठमाला आजही संगीत विद्यालयांत वापरली जाते. साहजिकच अशा परंपरेत वाढलेल्या वादकांना नवे वाद्य म्हणजे गिटारवाल्यांचे खेळणे वाटले. लायोनेल हॅम्प्टन यांच्या जाझ वाद्यवृंदात रॉय जॉन्सन हे वादक फेंडरचे वाद्य वाजवू लागले, तेव्हा 'डाउन बीट' या नियतकालिकाने जुलै १९५२ मध्ये त्याची दखल नवलाची गोष्ट म्हणून घेतली. त्यांच्या जागी आलेले मंक मॉन्टगोमेरी मूळचे डबल बेसवादक होते. हॅम्प्टन यांनी नवे वाद्य हाती दिले तेव्हा आपण नाराज झालो होतो आणि डबल बेसवादक या वाद्याकडे तुच्छतेने पाहत, असे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले. तरीही त्यांनी ते आत्मसात केले. जुलै १९५३ मधील आर्ट फार्मर यांच्या ध्वनिमुद्रणात त्यांचे बेस गिटारवादन ऐकावयास मिळते; जाझमधील या वाद्याच्या अगदी आरंभीच्या मुद्रणांत त्याची गणना होते.

शिकवणारा नाही म्हटल्यावर पहिला प्रश्न उद्‌भवला तो डाव्या हाताच्या बोटांचा. डबल बेसवर तारेची लांबी सुमारे १०५ सेंटिमीटर असते. खालच्या भागात दोन स्वरांमधील अंतर मोठे असल्याने सिमांड्ल पद्धतीत तर्जनी, मधले बोट आणि करंगळी एवढीच बोटे स्वतंत्रपणे वापरतात. अनामिका करंगळीला केवळ आधार देते. बेस गिटारवर तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. मग येथे गिटारप्रमाणे प्रत्येक पडद्याला एक बोट नेमावे, की जुनीच पद्धत चालू ठेवावी? गिटारकडून आलेल्यांनी चारही बोटांचा पुरस्कार केला, डबल बेसकडून आलेल्यांनी तीन बोटांचा. चार बोटांच्या पद्धतीने हात एका जागी स्थिर राहतो, पण खालच्या पडद्यांवर बोटे ताणावी लागतात. तीन बोटांच्या पद्धतीत हात सतत सरकतो, परंतु मनगटावर ताण येत नाही. हा वाद सुटला नाही. आजही दोन बेसवादक भेटले की तो निघतो आणि दोन्ही बाजूंना तितकेच चांगले वादक सापडतात, ही त्यातील गमतीची बाब.

या अनौपचारिक ज्ञानाला छापील रूप देणाऱ्या आरंभीच्या व्यक्तींमध्ये कॅरोल के यांचे नाव महत्त्वाचे आहे. १९३५ मध्ये जन्मलेल्या के या लॉस एंजेलिसमध्ये गिटारवादक म्हणून नाव मिळवून होत्या. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आला नाही म्हणून त्यांच्या हाती बेस गिटार आली आणि पुढे तीच त्यांची ओळख बनली. त्या तार बोटाने छेडण्याऐवजी कडक पिकने छेडत आणि घोडीजवळ तारांवर फेल्टचा तुकडा ठेवून नाद आटोपशीर करीत. १९६९ मध्ये त्यांनी बेस गिटार कशी वाजवावी याविषयीचे पाठ्यपुस्तक स्वतःच्या प्रकाशनसंस्थेतर्फे काढले. स्टुडिओत घड्याळाच्या काट्यावर काम करणाऱ्या वादकाला जे कळते ते ज्याला अद्याप स्टुडिओचे दार दिसलेले नाही त्याच्या हाती देणे, हे या पुस्तकाचे खरे कार्य होते. पुरुषप्रधान व्यवसायात एका स्त्रीने हे पाऊल उचलावे, ही बाबही स्त्री-अभ्यासाच्या दृष्टीने लक्षणीय ठरते. शिक्षणसंस्थांचा प्रवेश त्यानंतरचा. बेस गिटारसाठी स्वतंत्र वर्ग चालविणारी विद्यालये अमेरिकेत १९७० च्या दशकातच उभी राहू लागली. म्हणजे वाद्य आल्यापासून सुमारे दोन दशके वादक हाच वादकाचा शिक्षक होता.

तारांचा वाद :

साधनांविषयीच्या चर्चेला केवळ बाजारहाटाची चर्चा समजणे चुकीचे ठरेल. खर्जाच्या वाद्याची साधनेच मुळी वादकांच्या अडचणींतून निर्माण झाली. 'अँपेग' या ध्वनिवर्धक बनविणाऱ्या कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिचे संस्थापक एव्हरेट हल हे स्वतः बेसवादक. डबल बेस ज्या खुंटीवर जमिनीला टेकतो त्या खुंटीत ध्वनिग्राहक बसविण्याची युक्ती त्यांनी १९४० च्या दशकात काढली. विद्युत ध्वनिवर्धनाची ही खुंटी, म्हणजे इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन 'अँपेग', हेच पुढे कंपनीचे नाव झाले. १९६० मध्ये या कंपनीने काढलेला 'पोर्टाफ्लेक्स' हा ध्वनिवर्धक स्टुडिओंतील बेसवादकांच्या नित्य वापरातला झाला.

परंतु खरा वाद झाला तो तारांवरून. जाड तार बनविताना पोलादी गाभ्यावर दुसरी धातूची तार गुंडाळावी लागते. ती फितीसारखी सपाट असेल तर तारेचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, बोट सहज सरकते आणि वरचे उपस्वर दबले जाऊन नाद गोलसर, घुमारदार व अल्पजीवी होतो, जवळजवळ डबल बेससारखा. गुंडाळलेली तार गोल असेल तर पृष्ठभाग खरबरीत होतो, उपस्वर खुलतात आणि नाद पियानोच्या खालच्या पट्टीसारखा झणझणीत व दीर्घ बनतो. आरंभीच्या बेस गिटारवर सपाट तारा असत. इंग्लंडमधील 'द हू' या संचाचे बेसवादक जॉन एन्टविसल यांना तो नाद पसंत नव्हता. १९६५ च्या सुमारास त्यांनी 'डॅनइलेक्ट्रो' बनावटीच्या गिटारी घेतल्या त्या मुख्यतः त्यांच्या तारांसाठी. त्या तारा तुटल्यावर सुट्या मिळत नसत, म्हणून तारेसाठी नवी गिटारच विकत घ्यावी लागली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. अखेर १९६६ मध्ये ते 'रोटोसाउंड' या इंग्लिश कारखान्याकडे गेले आणि तेथे त्यांच्या कानाला पटेपर्यंत तारांचे नमुने तयार करण्यात आले. त्यातून निघालेल्या गोल गुंडाळणीच्या तारा पुढे जगभर गेल्या. फ्लोरिडात वाढलेले जॅको पास्टोरिअस (१९५१-१९८७) यांनी बेस गिटारचे पडदे काढून टाकून, दांडीवर इपॉक्सीचा कठीण थर देऊन जे वादन केले त्यालाही याच तारा होत्या.

वरवर पाहता हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. थोडा विचार करता असे दिसते की, बेस गिटार हे नेमके कोणते वाद्य आहे याविषयीचाच हा मतभेद होता. सपाट तारांचा आग्रह धरणाऱ्यांच्या मनात डबल बेस होता. नव्या वाद्याने जुन्या वाद्याचे काम अधिक सोयीने करावे, एवढीच त्यांची अपेक्षा. गोल तारांचा आग्रह धरणाऱ्यांना बेस गिटार हे स्वतंत्र बोलणारे वाद्य हवे होते. हिंदुस्थानी संगीतात जवारी बंद असावी की खुली यावर सतारवादकांमध्ये जो मतभेद आढळतो, त्याच जातीचा हा मतभेद होय. तारेच्या निवडीत वाद्याविषयीचे तत्त्वज्ञान दडलेले असते. मात्र वादक ते तत्त्वज्ञान म्हणून मांडत नाहीत, ते फक्त 'कोणत्या तारा लावता?' असे विचारतात.

डेट्रॉइटचा साथीदार :

या दोन मतांमधील अंतर एका माणसाच्या आयुष्यावर किती खोल परिणाम करू शकते, हे जेम्स जेमर्सन यांच्या चरित्रातून स्पष्ट होते. जेमर्सन यांचा जन्म १९३६ मध्ये दक्षिण कॅरोलिना राज्यात झाला. १९५४ मध्ये ते डेट्रॉइट येथे आले आणि तेथील शाळेत डबल बेस शिकले. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या 'मोटाउन' या ध्वनिमुद्रण कंपनीत ते लवकरच नियमित वाजवू लागले. कृष्णवर्णीय उद्योजकाने उभारलेली ही कंपनी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या घराघरांत पोहोचली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घरात तिचा स्टुडिओ होता. दिवसा तेथे आणि रात्री शहरातील क्लबांत वाजविणारा वादकांचा एक ठराविक संच होता. 'फंक ब्रदर्स' या नावाने तो पुढे ओळखला गेला.

जेमर्सन यांची १९५७ सालची पहिली प्रिसिजन बेस ही पूर्वी होरेस रूथ या त्यांच्या सहव्यवसायी बेसवादकाची होती. एका वादकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती वाद्य जाणे, ही या वर्तुळातील नित्याची गोष्ट. ती चोरीस गेली. पुढे त्यांच्याकडे १९६२ सालची प्रिसिजन बेस आली आणि तीच प्रसिद्धीस पावली. तिच्यावर त्यांनी 'ला बेला' बनावटीच्या अतिशय जाड, सपाट गुंडाळणीच्या तारा लावल्या होत्या आणि तुटल्याखेरीज ते तारा बदलत नसत. तारांवर साचलेल्या मळातच आपल्या नादाचे रहस्य आहे, अशी त्यांची धारणा होती. घोडीवरील आवरणाखाली स्पंजचा तुकडा असे. उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने ते तार छेडत. डबल बेसची सवय त्यांनी सोडली नाही, हे यावरून दिसते. मात्र या एका बोटातून जे वादन निघाले ते पूर्वी कोणी ऐकले नव्हते. मूळ स्वरावर ठोके देत बसण्याऐवजी ते मधले अर्धस्वर घेत, मोकळ्या तारेचा उपयोग पायरीसारखा करीत, अनपेक्षित जागी मात्रा सोडून देत. गायकाच्या खाली दुसरे गाणे चालू असावे, पण पहिल्याला त्याचा धक्का लागू नये, असा हा प्रकार होता. इंग्लंडमध्ये पॉल मॅकार्टनी यांनी आपल्यावरील त्यांचा प्रभाव मोकळेपणाने मान्य केला आहे. परंतु त्या काळात मॅकार्टनी ज्याच्याकडून शिकत होते त्याचे नाव त्यांनाही ठाऊक नव्हते, कारण मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापली जात नसत. मार्विन गे यांच्या १९७१ सालच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीच्या वेष्टनावर प्रथमच वादकांची नावे आली आणि त्यात जेमर्सन यांचा उल्लेख विशेष गौरवाने झाला.

दुर्दैवाने हा गौरव उशिरा झाला. १९७२ मध्ये मोटाउनने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलविला. मागोमाग तेथे गेलेल्या जेमर्सन यांना बदललेले वातावरण मानवले नाही. तोपर्यंत गोल तारांचा झणझणीत नाद रूढ झाला होता. सॅन फ्रान्सिस्कोकडील लॅरी ग्रॅहम यांनी आईच्या संचात ढोलवादक नसल्याची उणीव भरून काढण्यासाठी अंगठ्याने तार ठोकण्याची जी पद्धत काढली होती तिचीही मागणी वाढली होती. ही पद्धत ग्रॅहम यांना कोणी शिकविली नव्हती आणि त्यांनीही ती कोणाला वर्ग घेऊन शिकविली नाही. वादकांनी ती ऐकून, पाहून उचलली. निर्मात्यांना आता तसे वादन हवे होते. जेमर्सन यांनी तारा बदलल्या नाहीत. कामे कमी होत गेली, मद्यपानाने प्रकृती ढासळली. १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा भव्य सोहळा झाला, तेव्हा ते तिकीट काढून प्रेक्षकांत बसले होते, असे त्यांच्या चरित्रकाराने नोंदविले आहे. त्याच वर्षी २ ऑगस्ट रोजी वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी काही दिवस त्यांची १९६२ सालची बेस गिटारही चोरीस गेली होती.

कानाची साक्ष :

मृत्यूसमयी जेमर्सन यांचे नाव मुख्यतः व्यवसायातील लोकांनाच माहीत होते. ते सर्वत्र पोहोचविण्याचे श्रेय कोणत्याही विद्यापीठीय संशोधकाला जात नाही. ॲलन स्लटस्की या फिलाडेल्फियाच्या गिटारवादकाने जेमर्सन यांच्या पत्नीच्या आणि सहकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, ध्वनिमुद्रणे ऐकून बेसचे भाग स्वरलिपीत उतरविले आणि १९८९ मध्ये 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथासोबत ध्वनिफिती होत्या. चक रेनी, जॉन एन्टविसल, जॅक ब्रूस, पिनो पॅलॅडिनो यांच्यासारख्या नामवंत बेसवादकांनी त्यांत जेमर्सन यांचे भाग स्वतः वाजवून दाखविले. गोल तारांचे प्रवर्तक एन्टविसल हे सपाट तारांच्या या वादकाचे वादन पुढे ठेवतात, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. एका अर्थी हा चरित्रग्रंथ, पाठमाला आणि सहव्यवसायींनी वाहिलेली श्रद्धांजली असे तिन्ही एकत्र आले. याच नावाचा चित्रपट २००२ मध्ये निघाला. त्यात हयात वादक प्रथमच मोठ्या प्रेक्षकवर्गासमोर आले. मधल्या काळात, २००० मध्ये, अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदार वादकांसाठी सुरू केलेल्या विभागात जेमर्सन यांचा समावेश झाला.

असे असले तरी इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थांबता येत नाही. वादकांच्या आपसांतील बोलण्यावर उभारलेल्या इतिहासात पुराव्याचे काही कठीण प्रश्न निर्माण होतात. कॅरोल के यांनी मोटाउनच्या काही गाण्यांतील बेस आपण वाजविल्याचे सांगितले आहे. त्यांत स्टीव्ही वंडर यांच्या १९६७ सालच्या 'आय वॉज मेड टू लव्ह हर' या गाण्याचाही अंतर्भाव होतो. स्लटस्की यांनी आणि डेट्रॉइटच्या वादकांनी हा दावा अमान्य केला. मोटाउनचे काही ध्वनिमुद्रण १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्येही होत असे, त्यामुळे दावा सरसकट अशक्य कोटीतला ठरत नाही. पण विशिष्ट गाण्याविषयीचा निर्णय त्यावरून होऊ शकत नाही. अशा वेळी वादक कानाचा हवाला देतात. मोकळ्या तारेचा तो वापर, एका बोटाचा तो ठोका, जुन्या तारांचा तो बसका नाद ही जेमर्सन यांची सही आहे. पिकने छेडलेल्या तारेचा आरंभ निराळा असतो, असे त्यांचे म्हणणे.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ताम्रपटाच्या अक्षरवटिकेवरून काळ ठरविणारा पुराभिलेखतज्ज्ञ किंवा दोन तानांवरून घराणे ओळखणारा जाणकार रसिक याच पद्धतीने निष्कर्षाप्रत येतो. तारा, बोटे आणि स्पंज यांविषयीची ती 'किरकोळ' चर्चा येथे एकदम पुराव्याच्या दर्जाला पोहोचते. कोणाच्या गिटारवर कोणत्या तारा होत्या हे ठाऊक नसते, तर नाद ऐकून वादक ओळखण्याला आधारच उरला नसता. मात्र कानाच्या साक्षीची मर्यादाही मोटाउननेच दाखवून दिली आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बॉब बॅबिट हे दुसरे बेसवादक तेथे वाजवू लागले. तेही डबल बेस शिकून आलेले, त्याच स्टुडिओत, त्याच सहवादकांबरोबर वाजविणारे. 'व्हॉट्स गोइंग ऑन' या एकाच तबकडीत दोघांचे वादन आहे आणि कोणते कोणाचे हे आधी सांगितले नाही तर सरावलेल्या कानालाही ओळखणे अवघड जाते. शैली ही एका व्यक्तीची असते तशीच ती एका खोलीचीही असते, ही गोष्ट व्यक्तिपूजेच्या भरात विसरली जाते. वेष्टनावर नाव नसणे ही केवळ वादकाच्या मानधनाची व मानसन्मानाची हानी नव्हती. त्यामुळे पुढील पिढीच्या हाती कागदाऐवजी आठवण उरली, आणि आठवणी परस्परांशी भांडू लागल्या तेव्हा न्याय करण्यास त्रयस्थ साधन शिल्लक राहिले नाही.

मुंबईचा दाखला :

वेष्टनावरील या अनुपस्थितीचा प्रश्न मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही, कारण तो मुंबईच्या चित्रपटसंगीतातही तेवढ्याच तीव्रतेने उपस्थित होतो. विसाव्या शतकात मुंबईच्या स्टुडिओंतील पाश्चात्त्य वाद्यांची बाजू मोठ्या प्रमाणावर गोमंतकीय वादकांनी सांभाळली. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून स्वरलिपी वाचण्याचे व व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण मिळे. त्या बळावर ही मंडळी मुंबईच्या जाझ वाद्यवृंदांत आणि तेथून चित्रपटांत आली. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संगीत संयोजकांची नावे निदान अभ्यासकांना परिचित झाली आहेत. खर्जवादकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत बेस गिटारला जे ठळक स्थान मिळाले त्यामागे टोनी वाझ यांचा हात होता. ती गाणी पाठ असलेल्या लाखो श्रोत्यांपैकी किती जणांना हे नाव सांगता येईल?

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाचे प्राध्यापक ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या वादकांच्या प्रदीर्घ मुलाखती घेऊन २००८ मध्ये 'बिहाइंड द कर्टन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ मध्ये मुंबईच्या जाझ युगावर ग्रंथ लिहिला. दोन्ही ग्रंथांचा आधार बऱ्याच अंशी मौखिक आहे आणि म्हणून डेट्रॉइटबाबत उपस्थित होणारे प्रश्न येथेही लागू पडतात. तथापि एक महत्त्वाचा फरक आहे. डेट्रॉइटच्या वादकासाठी त्याच्या व्यवसायबंधूंनी बेसचे भाग लिहून काढले, वाजवून दाखविले, तारांची जाडीसुद्धा नोंदवून ठेवली. 'बिहाइंड द कर्टन'मध्ये वादकांचे सामाजिक व आर्थिक जीवन उत्तम प्रकारे आले आहे, परंतु बोटांचा आणि तारांचा इतिहास हा त्या ग्रंथाचा विषय नव्हता. तो अजून वादकांच्याच बोलण्यात आहे.

हे बोलणे कसे पुढे जाते याचे अलीकडचे उदाहरण म्हणून मोहिनी डे यांचा उल्लेख करता येईल. १९९६ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या बेसवादक महिलेने झाकिर हुसेन, ए. आर. रहमान यांच्यासोबत वादन केले आणि जगभरच्या रंगमंचांवर नाव मिळविले. त्यांचे पहिले शिक्षण कोणत्याही विद्यालयात झाले नाही. वडील सुजॉय डे हे स्वतः बेसवादक. त्यांनी मुलीला अगदी लहानपणी घरीच बेस गिटार शिकविण्यास प्रारंभ केला.